विश्लेषण : भाड्याच्या घरात ‘आधार देणारा’ प्राणी… डॉक्टरांचे पत्र उपयोगी की करारातील एक ओळ?

नवी मुंबईत भाड्याने घर शोधताना काही प्रश्न ठरलेले असतात. कुटुंब आहे की बॅचलर? माणसे किती? नोकरी कुठे? त्यात आता ‘घरात कुत्रा-मांजर आहे का’ या प्रश्नाची भर पडली आहे. उत्तर ‘हो’ असे आले की अनेकदा बोलणे तिथेच थांबते. हौस म्हणून प्राणी पाळणाऱ्यांची यात अडचण होते, पण नैराश्य, तीव्र चिंता किंवा जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे एकटेपण सोसणाऱ्यांसाठी हा प्रश्न अधिक अवघड असतो. त्यांच्या दिवसाला शिस्त आणि मनाला आधार त्या प्राण्यामुळेच असतो. असा प्राणी ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ असल्याचे डॉक्टरांचे पत्र दाखवले तर घरमालकाला होकार द्यावा लागतो का? सोसायटी अडवू शकते का? इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना काही अर्थ आहे का? घर बदलण्यापूर्वी हे सारे समजून घ्यायला हवे.

‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ म्हणजे काय?

मानसिक आजार किंवा त्रास असलेल्या व्यक्तीला केवळ आपल्या सोबतीने आधार देणारा प्राणी, असा याचा साधा अर्थ. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा श्वान यापेक्षा वेगळा असतो. त्याला एका ठरावीक कामाचे दीर्घ प्रशिक्षण दिलेले असते. भावनिक आधार देणाऱ्या प्राण्याला असे प्रशिक्षण लागत नाही. तो कुत्रा असेल, मांजर असेल किंवा ससाही असू शकेल. सकाळी त्याला फिरवायला न्यावे लागते, वेळेवर खायला द्यावे लागते, घरी परतल्यावर कोणीतरी वाट पाहत असते. अंथरुणातून उठणेही जड जाते अशा दिवसांत हाच दिनक्रम माणसाला धरून ठेवतो. प्राणी औषधाची किंवा समुपदेशनाची जागा घेत नाही, मात्र उपचार सुरू असताना त्याच्या सोबतीची मदत होते, असा अनेकांचा अनुभव आहे.

ही संकल्पना आली कुठून?

या संकल्पनेला कायद्याचे बळ मिळाले ते अमेरिकेत. तेथील ‘फेअर हाऊसिंग अ‍ॅक्ट’ हा कायदा १९६८ चा. १९८८ मध्ये त्यात अपंगत्वाच्या कारणावरून घर नाकारण्यास मनाई करणारी तरतूद झाली. अपंग व्यक्तीला घराचा वापर समान रीतीने करता यावा यासाठी नियमांत वाजवी सवलत देणे घरमालकावर बंधनकारक झाले. ‘प्राणी चालणार नाहीत’ असा नियम असलेल्या इमारतीतही आधार देणाऱ्या प्राण्याला मुभा मिळू लागली ती याच तरतुदीच्या आधारे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना भाडेकरार करताना हा नियम माहीत असतो. तिथल्या संकेतस्थळांवरची माहिती वाचून इथेही तसेच असेल, असा समज होतो.

अमेरिकेतही ही सवलत सरसकट नाही. सार्वजनिक ठिकाणी प्रवेशासाठी असलेल्या कायद्यात केवळ प्रशिक्षित सेवा श्वानाला स्थान आहे, भावनिक आधार देणाऱ्या प्राण्याला नाही. विमान प्रवासात या सवलतीच्या गैरवापराच्या तक्रारी वाढल्यानंतर तेथील परिवहन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलले. तेव्हापासून अशा प्राण्यांना सेवा श्वानाचा दर्जा देण्याचे बंधन विमान कंपन्यांवर राहिले नाही.

भारतात त्याला कायदेशीर दर्जा आहे का?

नाही. ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल’ असा स्वतंत्र वर्ग भारतीय कायद्यात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये उपचार मिळण्याचा, सन्मानाने वागवले जाण्याचा आणि माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. आधार देणाऱ्या प्राण्याचा उल्लेख त्यात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार दिले असून मानसिक आजार हा त्यातील एक आहे. ‘वाजवी सोय’ नाकारणे हा भेदभाव ठरतो, असेही हा कायदा सांगतो. या तरतुदीच्या आधारे सोबतीच्या प्राण्यासाठी सवलत मागण्याचा युक्तिवाद करता येईल. मात्र वाजवी सोय मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने प्रामुख्याने शासनावर टाकली आहे. स्वतःचा फ्लॅट भाड्याने देणाऱ्या व्यक्तीवर अमेरिकेसारखे थेट बंधन त्यात लिहिलेले नाही.

त्यामुळे ऑनलाइन शुल्क भरून मिळणारे ‘ईएसए प्रमाणपत्र’, प्राण्याच्या गळ्यातले ओळखपत्र किंवा ‘नोंदणी क्रमांक’ यांना आपल्याकडे कायद्याचे पाठबळ नाही. प्राण्याला असा दर्जा देणारी कोणतीही सरकारी नोंदवही नाही. हजारो रुपये मोजून घेतलेला असा कागद घरमालकापुढे ठेवल्याने हक्क तर मिळत नाहीच, उलट हा भाडेकरू पुढे कायद्याची भाषा करणार, अशी शंका त्याच्या मनात येण्याची शक्यता अधिक.

सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकते का?

इथे चित्र भाडेकरूसाठी बरेच अनुकूल आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळ, म्हणजेच अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड, हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार स्थापन झालेले वैधानिक मंडळ आहे. या मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये पाळीव आणि भटक्या श्वानांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुसंख्य रहिवाशांची इच्छा असली, त्यासाठी उपविधींमध्ये दुरुस्ती केली, तरी पाळीव श्वानांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. लहान कुत्रा चालेल, मोठा चालणार नाही, असा भेद करता येत नाही. कुत्रा भुंकतो एवढ्याच कारणावरून तो घराबाहेर काढा, असे सांगता येत नाही. लिफ्टचा वापर नाकारता येत नाही.

या सूचना म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. मात्र न्यायालयीन निर्णयाची जोड या भूमिकेला मिळाली आहे. पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करणारे रहिवासी संघटनांचे नियम बेकायदा असल्याचा निकाल केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला. इतर रहिवाशांना त्रास होऊ नये यासाठी वाजवी अटी घालता येतील, बंदी नाही, असे त्याचे सार. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो.

भाडेकरू ठेवण्यासाठी सोसायटीचे ‘ना हरकत’ लागते, हा समजही तपासून पाहावा. राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सदनिका ‘लिव्ह अँड लायसन्स’वर देताना सभासदाने संस्थेला आगाऊ कळवणे, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सादर करणे अपेक्षित आहे. पूर्वपरवानगीची अट त्यात नाही. सभासदाकडून घेण्याच्या बिगर-भोगवटा शुल्कावरही मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार पालिकेचे कर वगळून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारणी करता येत नाही. ‘भाडेकरूकडे कुत्रा आहे’ म्हणून हे शुल्क वाढवण्याची सोय त्यात नाही.

नवी मुंबईतील गाजलेला वाद काय सांगतो?

प्राण्यांवरून रहिवासी आणि व्यवस्थापन यांच्यातला वाद किती टोकाला जाऊ शकतो, याचे उदाहरण नवी मुंबईतच आहे. नेरुळ-सीवूड्स परिसरातील ‘एनआरआय कॉम्प्लेक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीवूड्स इस्टेट्स या संकुलात भटक्या श्वानांना खाऊ घालण्यावरून वाद पेटला. खाऊ घालणाऱ्या रहिवाशांना आकारलेल्या मोठ्या दंडामुळे २०२१ मध्ये हे संकुल देशभर चर्चेत आले. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. भटक्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा मुद्दा त्यात आला. श्वानांना खाऊ घालणाऱ्या एका रहिवासी महिलेच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला अडवले जात असल्याची तक्रारही न्यायालयापुढे आली.

याच वादात न्यायव्यवस्थेवर ‘डॉग माफिया’शी संगनमताचा आरोप करणारा मजकूर रहिवाशांमध्ये पाठवला गेला. त्याबद्दल व्यवस्थापनातील एका माजी पदाधिकाऱ्याला न्यायालयाच्या अवमानासाठी उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एक आठवड्याच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावली. त्यांनी व्यक्त केलेला पश्चात्ताप लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये ही शिक्षा रद्द केली.

हा वाद भटक्या श्वानांचा होता, घरात पाळलेल्यांचा नव्हे. दोघांचे नियम वेगळे आहेत. तरीही भाडेकरूसाठी त्यात एक धडा आहे. संकुलाचे व्यवस्थापन केंद्राच्या नियमांना डावलून स्वतःचे नियम राबवू शकत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. मात्र ते न्यायालयात सिद्ध होईपर्यंत वर्षे जातात. ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो.

मग घरमालक नकार देऊ शकतो का?

देऊ शकतो, आणि गोंधळ होतो तो नेमका इथेच. सोसायटी बंदी घालू शकत नाही, म्हणून घरमालकही नाही म्हणू शकत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. सोसायटी दुसऱ्याच्या घरात काय चालावे हे ठरवते. घरमालक स्वतःचे घर कोणाला आणि कोणत्या अटींवर वापरायला द्यायचे हे ठरवतो. प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना रहिवासी संघटनांना उद्देशून आहेत. प्राणी असलेल्या भाडेकरूला घर दिलेच पाहिजे, असे खासगी घरमालकावर बंधन घालणारी तरतूद महाराष्ट्रातील भाडे कायद्यात नाही.

शिवाय आपल्याकडे भाड्याची बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिली जातात. यात राहणाऱ्याला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, तर परवानाधारक म्हणतात. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ नुसार ही केवळ वापराची परवानगी असते, मालमत्तेतला हक्क नव्हे. मुदत संपली की घर सोडावे लागते. न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. घरात आधार देणारा प्राणी आहे, हे मुदतवाढीचे कारण ठरत नाही.

करार सुरू असताना प्राण्याचे कारण देऊन घर खाली करायला लावता येते का?

हे पूर्णपणे करारात काय लिहिले आहे, यावर अवलंबून आहे. तीन शक्यता असतात. पहिली, करारात ‘पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत’ अशी अट आहे. अनेक एजंटांच्या तयार मसुद्यात ती असते आणि सही करताना ती वाचली जात नाही. अशा वेळी प्राणी ठेवणे हा अटीचा भंग ठरतो. दुसरी, करारात प्राण्यांबाबत काहीच नाही. मग अटीचा भंग झाला असे थेट म्हणता येत नाही, पण बहुतेक करारांत एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवण्याचे कलम असते. ते दोन्ही बाजूंना खुले असेल तर घरमालक कारण न सांगताही ते वापरू शकतो. तिसरी, करारात प्राण्याला स्पष्ट परवानगी आहे आणि ठरावीक ‘लॉक-इन’ काळही आहे. भाडेकरूच्या दृष्टीने हीच सुरक्षित स्थिती.

‘परवानाधारकाने सोसायटीचे सर्व नियम पाळावेत’ हे आणखी एक नेहमीचे कलम. सोसायटीने प्राण्यांविरुद्ध ठराव केला असेल तर याच कलमाचा आधार घेऊन घरमालकावर आणि त्याच्यामार्फत भाडेकरूवर दबाव येतो. सोसायटीचा ठराव कायद्यापुढे टिकेल की नाही, हा पुढचा प्रश्न. तोपर्यंत घरमालकाचा धीर सुटलेला असतो. म्हणून टोकन देण्यापूर्वी घरमालकाला सोसायटीचा असा काही ठराव आहे का, हे विचारून घ्यावे.

करारात काय लिहून घ्यावे?

ब्रोकरने फोनवर ‘चालेल, कोणी काही बोलणार नाही’ असे सांगणे म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी घरमालकाची हवी, लेखी हवी आणि नोंदणीकृत करारात हवी. त्यासाठी पुढील धर्तीची एक अट पुरेशी आहे : ‘परवानाधारक सदर सदनिकेत एक पाळीव कुत्रा (नर, वय ४ वर्षे, लसीकरण झालेले) ठेवणार असून त्यास परवाना देणाऱ्याची संमती आहे. प्राण्यामुळे सदनिकेचे नुकसान झाल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च परवानाधारक देईल. केवळ प्राणी ठेवल्याच्या कारणावरून मुदतीपूर्वी करार संपुष्टात आणला जाणार नाही.’

यातला प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे. प्राण्याचे वर्णन असल्याने ‘एवढा मोठा कुत्रा असेल असे सांगितले नव्हते’ हा वाद राहत नाही. ‘प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च’ असे शब्द असल्याने घर सोडताना डिपॉझिटमधून मनमानी कपात करण्यास आळा बसतो. घरात शिरण्याच्या दिवशी दरवाजे, जाळ्या, फरशी आणि भिंतींचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवावेत. पुढे ओरखडे कोणाचे यावरून वाद होत नाही.

करार नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. तरीही तोंडी परवानगीवर विसंबू नये.

खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असते. उदाहरणार्थ, महिना ३० हजार रुपये भाडे, २४ महिन्यांची मुदत आणि एक लाख रुपये परतावा डिपॉझिट. भाड्याची रक्कम झाली ७ लाख २० हजार. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने दोन वर्षांचे व्याज २० हजार धरले जाते. एकूण ७ लाख ४० हजारांवर शुल्क झाले १,८५० रुपये. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. ऑनलाइन नोंदणीसाठी दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटाची फी वेगळी. दर ११ महिन्यांनी नव्याने विनवण्या करण्यापेक्षा घरमालक तयार असल्यास २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करणे प्राणी असलेल्या भाडेकरूसाठी अधिक सोयीचे असते.

डॉक्टरांच्या पत्राचा काहीच उपयोग नाही का?

हक्क म्हणून नाही, पण विनंतीला वजन देण्यासाठी नक्कीच आहे. मात्र ते पत्र उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचे असावे, संकेतस्थळावर विकत घेतलेले नसावे. पत्रात आजाराचे नाव, औषधे किंवा तपशील असण्याची गरज नाही. ‘सदर व्यक्ती माझ्याकडे उपचार घेत असून पाळीव प्राण्याची सोबत त्यांच्यासाठी हितकारक आहे’ एवढे पुरते. आपल्या आजाराची माहिती कोणाला द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असे पत्र टाकणे टाळावे. एकदा बाहेर गेलेली माहिती परत घेता येत नाही आणि मानसिक आजाराबद्दलचे गैरसमज अजून पुसलेले नाहीत. घर मिळवण्याच्या नादात ‘कुत्रेवाला’ या शिक्क्याबरोबर ‘आजारी’ हा दुसरा शिक्का लागू शकतो.

प्रत्यक्षात घरमालकाची भीती वेगळीच असते. घर खराब होईल, शेजारी तक्रार करतील, सोसायटी नोटीस काढेल. त्यामुळे डॉक्टरांच्या पत्रापेक्षा प्राण्याचे लसीकरण पुस्तक, पालिकेचा परवाना, नसबंदी झाल्याची नोंद आणि आधीच्या घरमालकाचे दोन ओळींचे पत्र यांनी घरमालक लवकर निश्चिंत होतो.

पालिकेचा परवाना कोणाकडून घ्यायचा?

हे घर नेमके कुठे आहे त्यावर ठरते. बोलण्यात सगळे ‘नवी मुंबई’ असले तरी पालिका एक नाही. बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली हा भाग नवी मुंबई महापालिकेत येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आहे. नेरुळहून खारघरला घर बदलले की पालिकाही बदलते आणि श्वान परवान्याची चौकशी नव्याने करावी लागते. परवान्यासाठी रेबीजविरोधी लसीकरणाचा पुरावा महत्त्वाचा असतो. ही लस ठरलेल्या वेळी पुन्हा द्यावी लागते आणि तिची नोंद पशुवैद्यकाच्या सहीनिशी जवळ ठेवावी.

जातीवरून परवाना नाकारता येतो का, असाही प्रश्न येतो. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींच्या श्वानांची विक्री आणि पालन रोखण्यास, परवाने न देण्यास राज्यांना सांगितले होते. हे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. तरी अशा जातींना घर मिळणे प्रत्यक्षात अवघड असते, हे गृहीत धरून शोध लवकर सुरू करावा.

पोपटही ‘आधार देणारा’ ठरू शकतो का?

मराठी घरांत पिंजऱ्यातला हिरवा पोपट नवा नाही. पण भारतात आढळणारे पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. तारा कासवाचेही तेच. डॉक्टरांचे पत्र, घरमालकाची संमती किंवा सोसायटीचा ठराव यांपैकी कशानेही ते कायदेशीर होत नाही. सोबतीसाठी प्राणी निवडताना हा मुद्दा आधी पाहावा.

शेजाऱ्यांना काही हक्क नाहीत का?

आहेत, आणि ते मान्य केल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. कुणाला कुत्र्याची भीती वाटते, कुणाला अ‍ॅलर्जी असते, कुणाच्या घरात रांगते मूल असते. २० मजल्यांच्या टॉवरमध्ये दोन लिफ्ट असतील तर सकाळच्या गर्दीत कुत्र्याबरोबर उभे राहणे सर्वांना जमत नाही. बंदी घालता येत नसली तरी वाजवी नियम करता येतात. मोकळ्या जागेत पट्टा बांधलेला असावा, घाण मालकाने उचलावी, बागेत नेण्याच्या वेळा ठरवाव्यात, या अपेक्षा रास्तच आहेत. प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘माझा कुत्रा चावत नाही’ हा बचाव तिथे चालत नाही. प्राणी भावनिक आधार देणारा आहे, हाही नाही.

दिवसभर घरात एकटा राहणारा कुत्रा सतत भुंकत असेल तर तो शेजाऱ्यांइतकाच त्या कुत्र्याचाही त्रास असतो. कामावर जाणाऱ्याने दुपारी कोणी फिरवायला येईल अशी व्यवस्था आधीच करावी. नव्या घरात गेल्यावर मजल्यावरच्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन प्राण्याची ओळख करून देणे आणि आपला फोन क्रमांक देणे, यानेही बऱ्याच तक्रारी लेखी होण्याआधीच मिटतात.

वाद झालाच तर दाद कुठे मागायची?

पहिली पायरी म्हणजे सोसायटीची मागणी लेखी मागणे. ‘कुत्रा चालणार नाही’ असे सुरक्षारक्षकामार्फत सांगणाऱ्या अनेक समित्या तेच लेटरहेडवर लिहून द्यायला कचरतात. उत्तरात प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांची प्रत जोडावी. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे समितीशी पत्रव्यवहार घरमालकाच्या नावाने झाल्यास अधिक परिणामकारक ठरतो. घरमालक बाजूने उभा असणे म्हणूनच मोलाचे आहे. त्यापुढे सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे तक्रार करता येते. प्राण्याला मारहाण किंवा विषबाधेचा प्रकार झाला तर विलंब न करता पोलीस ठाण्यात जावे. प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

घर मिळत नाही म्हणून प्राणी सोडून दिला तर?

शेवटी या साऱ्या घोळाची किंमत अनेकदा प्राणीच मोजतो. नवे घर मिळत नाही, जुन्याची मुदत संपते आणि कुत्रा एखाद्या दिवशी दुसऱ्या नोडमध्ये रस्त्यावर सोडला जातो. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे ही १९६० च्या कायद्यानुसार क्रूरता आहे. त्यासाठी पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये एवढाच दंड आहे. ज्याच्या आधाराने एखाद्याने कठीण वर्ष काढले, त्याला असे सोडताना होणारी जखम दंडात मोजता येत नाही.

केंद्राने किंवा राज्याने आधार देणाऱ्या प्राण्यांबाबत नियम केले तर चित्र बदलेल. तोवर इंटरनेटवरच्या प्रमाणपत्रावर खर्च करण्याऐवजी घर शोधण्याला किमान दोन महिने द्यावेत, पहिल्याच फोनमध्ये प्राण्याबद्दल खरे सांगावे आणि संमतीची ती अट करारात आल्याशिवाय टोकन देऊ नये. लपवून आत नेलेला प्राणी पहिल्या भुंकण्याबरोबर उघडा पडतो. सांगून नेलेल्याला निदान नोंदणीकृत कागदाचा आधार असतो.